चमत्कार कसला, हातचा नाही एवढंच!

तुमच्या लेखात १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येला 'दैवी चमत्कार' म्हटलंय, ते काही पटलं नाही. हा १११११११११ चा (नऊ एक) वर्ग आहे. कागदावर उभा गुणाकार मांडून बघा. नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. सगळ्यात उजवीकडे एकच १, शेजारी दोन, असं करत मधल्या घरात बरोबर नऊ, मग उतरती. कुठेही हातचा येत नाही, एवढंच गुपित. दहा एक घेऊन करा, मधे दहा होतात, हातचा शिरतो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढतीतला ८ गायब!

खरी गंमत लेखात आलीच नाही. या संख्येचे मूळ अवयव फक्त ३, ३७ आणि ३३३६६७. अंकांची बेरीज ८१. आता तिला त्याच ८१ ने गुणा: ९९९९९९९९८००००००००१, म्हणजे ९९९९९९९९९ चा वर्ग. तो मधोमध तोडून दोन्ही तुकडे मिळवा, ९९९९९९९९८ अधिक १, परत ९९९९९९९९९ हजर! अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. देवळालीच्या शाळेत शिकवणारे आपले द. रा. कापरेकर (१९०५–१९८६). लेखातली संख्याही त्यांच्याच 'डेम्लो' संख्यांपैकी (सगळे एक असलेल्या संख्यांचे वर्ग). हे नाव त्यांनी डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून ठेवलं. मराठी लेखात त्यांचा उल्लेख नसावा, हे जरा खटकलं. पुढच्या भागात ६१७४ (हा कापरेकरांच्याच नावाचा स्थिरांक) घेणार असाल तर तेवढं बघा.