बाटलीतल्या पेशी आणि सरकीचं तेल

नमस्कार काका,

वृषणाच्या सेल लाइनवरचा (म्हणजे बाटलीत पिढ्यान्पिढ्या वाढत राहणाऱ्या एकाच जातीच्या पेशींवरचा) माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, ‘उंदराच्या पेशी बाटलीत वाढवून जिंतूरकडच्या माणसाला मूल का होत नाही हे कळत असेल, तर ज्योतिषी काय वाईट? त्यापेक्षा फवारणी करणाऱ्यांचं वीर्य तपासा.’

शेवटचं वाक्य एकदम मान्य. पण आपल्याकडे सुनेला दवाखाने पालथे घालायला लावतात आणि नवरा तपासणीची डबी हातात घेत नाही. समजा घेतली, आणि शुक्राणू कमी निघाले. का कमी, हे त्या रिपोर्टात नसतं. पेशींचं काम तिथून सुरू होतं.

तुम्ही कापूसवाले, म्हणून सरकीचंच बघू. सरकीत गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं. चीनमध्ये कच्चं सरकीचं तेल खाणाऱ्या गावांत मुलं होईनात, तेव्हा संशय त्याच्यावर गेला. 1970च्या दशकात तिथे हजारो पुरुषांना ते गर्भनिरोधक म्हणून दिलं गेलं. शुक्राणू घटले, पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम उतरलं, काहींची प्रजननक्षमता परत आलीच नाही, आणि ते औषध मागे पडलं. (घरातलं रिफाइंड तेल ओतून देऊ नका, शुद्धीकरणात गॉसिपॉल जवळजवळ सगळं निघून जातं.)

आता यात घाव नेमका कुठे बसला? शुक्राणू घडवणाऱ्या पेशींवर, त्यांना पोसणाऱ्या सर्टोली पेशींवर, की टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशींवर? वृषणात या सगळ्या खेटून राहतात, जिवंत माणसात त्यांना वेगळं काढून विचारता येत नाही. 1980 साली उंदराच्या वृषणातून टीएम3 ही लायडिगची आणि टीएम4 ही सर्टोलीची अशा दोन सेल लाइन तयार झाल्या. तेव्हापासून एकाच जातीच्या पेशींवर एकेक मात्रा देऊन बघता येतं. गॉसिपॉलही असं बघितलं गेलं आहे.

आता थोडं तुमच्या बाजूने भांडतो, कारण तुमचा राग चुकीच्या जागी पडलाय. एमए-10 नावाची लायडिग लाइन उंदराच्या गाठीतून आली, ती टेस्टोस्टेरॉनऐवजी मुख्यतः प्रोजेस्टेरॉन बनवते. जीसी-2 या लाइनमध्ये गुणसूत्रं निम्मी होतात, म्हणजे शुक्राणूकडे वाटचाल होते, असा दावा होता. पुढच्या तपासणीत तो टिकला नाही. तरी ‘शुक्राणूपूर्व पेशींवर परिणाम’ म्हणत त्यावर पेपर निघतात. मला खरी चीड याची आहे. बाटलीत पेशींना पोसणारा लालसर द्रव पेशी वाढल्या की पिवळट पडतो, तो वेळेवर बदलला नाही तर पेशी तशाच मरतात. मग मारलं कुणी, औषधाने की विद्यार्थ्याच्या आळसाने?

शिवाय वृषण शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी थंड असतं, आणि अनेक ठिकाणी या पेशी 37 अंशांवर वाढवतात. वृषणात रक्त आणि शुक्राणू यांच्यामध्ये सर्टोली पेशींचा बांध असतो, वाटेत औषध फोडणारं यकृत असतं. बाटलीत यातलं काहीच नाही. 2011 साली जपानमध्ये उंदराचे शुक्राणू शरीराबाहेर घडवले आणि त्यांपासून पिल्लंही जन्मली, पण त्यासाठी नवजात उंदराच्या वृषणाचे अख्खे तुकडे जगवावे लागले. सुट्या पेशींची लाइन तिथे पुरली नसती. म्हणून ‘अमुक कीटकनाशकाने वंध्यत्व’ अशी बातमी दिसली की मी आधी कुठली पेशी, किती मात्रा, किती तापमान एवढंच बघतो.

तुमच्या फवारणीवाल्यांबद्दल. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये फवारलं, तर नमुना दसरा-दिवाळीच्या सुमारास घ्यावा लागेल, आणि एक नमुना फवारणी सुरू होण्याआधीचा. शुक्राणूंची संख्या एरवीही वरखाली होते, त्यामुळे दर वेळी दोन-दोन नमुने. गावातले किती जण तयार होतील, बघून सांगा.