नट आवळला, पण पाइप का सुटतो ते पाहिलं नाही

नमस्कार ताई,

तुमचं लिहिणं मंगळवारी रात्रीच वाचलं होतं. काम न बघता उत्तर दिलं असतं तर ती नुसती सारवासारव झाली असती, म्हणून थांबलो. काल तुमच्या स्वयंपाकघरात दीड तास बसून आलो, आता लिहितो.

बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. सिंकखालचा पाइप ढिला झाला म्हणून तुम्ही आम्हाला बोलावलं. आमच्याकडे कामाला असलेला मुलगा नट आवळून, वर एम-सील थापून ६५० रुपये घेऊन गेला. चौथ्या दिवशी, ऐन गौरीजेवणाला, पाणी पुन्हा सुरू झालं. फोन केला की 'येतो, येतो', आणि दोन दिवस कोणी फिरकलं नाही. सिंकखाली सरकणाऱ्या भांड्यांच्या ट्रॉलीचा तळाचा प्लाय फुगला. शेवटी तुम्ही लिहिलंय, 'हे प्लंबर नाहीत, चोर आहेत.'

प्लाय आणि 'चोर' या दोन गोष्टींवर खाली वेगळं लिहितो, बाकी सगळं खरं आहे. त्यात चूक आमची आहे.

काल मी ट्रॉली पूर्ण बाहेर काढली आणि बॅटरी लावून आडवा होऊन पाहिलं. नटाच्या खाली पांढरा क्षार ओघळून वाळला होता. तुमच्याकडे बोअरचं नाहीतर टँकरचं क्षाराचं पाणी, त्यामुळे गळती कुठून सुरू झाली ते असा क्षारच सांगतो. एम-सीलला मधोमध चीर गेली होती. जाणारच. तुमचा वेस्ट पाइप, म्हणजे सिंकचं सांडपाणी नेणारा, तो घड्या घड्यांचा, हलणारा. एम-सील वाळून दगड होतं. पाइप हलतो, ते हलत नाही, म्हणजे फुटणारच. शिवाय जो सांधा उद्या उघडावा लागणार, त्यावर ते लावायचंच नसतं. मी ते फोडून नट उघडला. आतला रबरी वॉशर जुनाच होता. नखाने दाबला तर खळगा पडेना, वाकवला तर कडकन मोडला. हा सांधा पाणी धरतो तो वॉशरवर, आट्यांवर नाही. वॉशर मेला असेल तर वर टेफ्लॉन टेपचे दहा वेढे घ्या नाहीतर पान्याने जीव खाऊन आवळा, पाणी वाट काढतंच. उलट प्लॅस्टिकचा नट जास्त आवळला तर तडकतो.

पण खरं कारण वॉशरही नव्हतं. ट्रॉली परत बसवून मी दहा-बारा वेळा उघडबंद केली आणि बाजूच्या फटीतून पाहत राहिलो. तिच्यात कढया, पोळपाट, पिठाचे डबे, चांगलं वजन आहे. ती आत गेली की मागची कड पाइपाला लागते आणि पाइप बोटभर मागे ढकलला जातो. दर वेळी नटाला जरासा हिसका बसतो. दिवसातून पंचवीस-तीसदा तरी बसत असेल. ट्रॉली मागच्या दिवाळीत केली आणि पाइप त्यानंतर दोनदा ढिला झाला, हे तुम्ही काल बोलता बोलता सांगितलंत. हे आमच्या मुलाने पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. नट आवळणं कोणालाही जमतं. तो का सुटतो हे शोधायला प्लंबर बोलावतात.

आता काय केलंय ते सांगतो. घड्यांचा पाइप काढून टाकला. कपलिंगखाली, म्हणजे सिंकच्या तळाच्या जाळीच्या जोडाखाली, बॉटल ट्रॅप (बाटलीसारखं, तळाशी पाणी धरून ठेवणारं भांडं) बसवून त्याची आडवी नळी भिंतीलगत नेली, दोन ठिकाणी क्लॅम्प मारले आणि फुटाला पाव इंच उतार दिला. ट्रॉली पूर्ण आत गेली तरी मागे चार बोटं जागा राहते, तुम्ही स्वतः हात घालून पाहिलंत. तुमच्या सिंकचं पाणी भिंतीतून सरळ डक्टमधल्या (इमारतीचे पाइप उतरतात त्या मोकळ्या जागेतल्या) पाइपात जातं, मध्ये नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतला पाणी धरणारा ट्रॅप, नाही. म्हणून बॉटल ट्रॅप हवाच होता, त्यात साठलेलं पाणी खालचा वास आणि झुरळं अडवतं. (ज्यांच्याकडे खाली नहाणी ट्रॅप आहे त्यांनी वर आणखी एक बसवून घेऊ नये. दोन ट्रॅपच्या मध्ये हवा अडकते आणि सिंक तुंबल्यासारखं सावकाश उतरतं.)

मग सिंकला बूच लावून ते काठोकाठ भरलं आणि एकदम सोडलं. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू फिरवला. तीनदा केलं, टिश्यू कोरडाच राहिला. पहिल्या वेळी मुलाने मिनिटभर नळ सोडून पाहिला होता. नळाची धार सांध्यावर फारसा जोर देत नाही. भरलेलं सिंक एकदम रिकामं होतं तेव्हा खरी परीक्षा होते. यापुढे ही चाचणी गिऱ्हाइकासमोर झाल्याशिवाय आमचं कोणीही पैसे घेणार नाही.

फोनबद्दल. गणपतीत माझ्याकडे कामाला असलेली दोन मुलं कोकणात गावी गेली होती आणि मी एकटा होतो. हे कारण आहे, पण तुम्हाला झुलवत ठेवायचा हक्क त्याने मला मिळत नाही. 'दोन दिवस जमणार नाही, दुसरं कोणी बघा' एवढं मी सरळ सांगायला हवं होतं. घरात गौरी बसलेल्या, पंगतीची भांडी पडलेली आणि तुम्ही दर अर्ध्या तासाने बादली उपसताय, हे डोळ्यांपुढे आलं की मला लाज वाटते. मनापासून माफी मागतो.

पैशांचं. ६५० मध्ये २५० येण्याजाण्याचे, ३०० मजुरी आणि १०० सामानाचे होते. काम झालंच नाही, त्यामुळे सगळे ६५० काल परत केले. नव्या सामानाचे बिलाप्रमाणे घेतले, मजुरी घेतली नाही.

प्लायचं मात्र पूर्ण मान्य नाही, ते स्पष्ट सांगतो. मुलाने पहिल्या दिवशी काम सुरू करण्याआधी फोटो काढला होता, त्यात तळाचा मागचा पट्टा काळा पडून सुटलेला दिसतो. म्हणजे तिथे आधीपासून पाणी मुरत होतं. पण आमच्या कामानंतर जे पाणी सांडलं, त्याने ते वाढलं हेही खरं. म्हणून तळ बदलायचा अर्धा खर्च माझा.

आणि 'चोर' हा शब्द. ताई, तेवढा मागे घ्या अशी विनंती आहे. तो मुलगा सहा वर्षं माझ्याकडे आहे. एका घरात ओट्यामागे पडलेली सोन्याची अंगठी त्याला सापडली, ती त्याने तिथल्या आजींच्या हातात नेऊन दिली होती. त्या दिवशी त्याने घाई केली, कारण मीच त्याला सहा ठिकाणं लावून दिली होती. ती चूक माझी. मला हवं ते बोला, त्याला चोर म्हणू नका. त्याने ते वाचलंय.

एक सूचना. बटाटे उकडलेलं किंवा शेवयांचं उकळतं पाणी सिंकमध्ये ओतताना आधी गार पाण्याचा नळ सोडा, प्लॅस्टिकचे सांधे टिकतील.

रविवारी अकरानंतर सुताराला घेऊन येतो. ट्रॉली रिकामी करायची तसदी घेऊ नका, आम्ही करू आणि सगळं जागच्या जागी लावून देऊ.