‘सायनाइड बनवायला शिकवता’ या प्रतिक्रियेला उत्तर

जर्दाळू, पीच यांसारख्या फळांच्या बियांपासून आणि पानांपासून बदामाचा नैसर्गिक स्वाद कसा मिळवतात, या माझ्या लेखावर एका वाचकाने नाव न देता प्रतिक्रिया लिहिली आहे. आक्षेप असे: ‘नैसर्गिक’ या शब्दाच्या आडून मी लोकांना घरी सायनाइड बनवायला शिकवते, पानांतले द्रव्य मी चुकीचे सांगितले, कृत्रिम स्वादातही रेणू तोच असताना मी नैसर्गिकाचे स्तोम माजवते, आणि अर्कात विष उरलेले नाही हे वाचकाने कसे ओळखावे, ते मी सांगत नाही. शेवटी ‘आधी रसायनशास्त्र शिका, मग लिहा’ असा सल्लाही आहे.

चूक आहे ती आधी मान्य करते. ज्या द्रव्यातून हा स्वाद आणि सायनाइड दोन्ही सुटतात, ते बीमध्ये मुख्यतः अमिग्डालिन असते आणि पानांत प्रुनासिन. मी दोन्हीकडे अमिग्डालिन लिहिले होते. दुरुस्ती केली आहे. प्रुनासिनमध्ये ग्लुकोजचा एक घटक कमी असतो, बाकी फुटल्यावर दोन्हींतून निघते तेच. एवढ्या चुकीवर आपण सात उद्गारचिन्हे खर्च केली आहेत (मी मोजली), त्यांतली सहा तरी वाचली असती.

आता ‘सायनाइड बनवायला शिकवता’ या वाक्याकडे येते. ते मला लागले, हे लपवत नाही. सायनाइडची तजवीज मी केलेली नाही, झाडाने केली आहे, आपली बी आणि पाने कोणी खाऊ नयेत म्हणून. कडू बी कोरडी कुटली तर तिला फारसा वास येत नाही. त्याच भुकटीला कोमट पाणी लागले की थोड्याच वेळात बदामाच्या इसेन्सचा ओळखीचा दरवळ सुटतो, कारण पाणी मिळताच बीमधलीच विकरे (एन्झाइम) अमिग्डालिनवर तुटून पडतात आणि त्यातून ग्लुकोज, बदामाच्या वासाचे बेंझाल्डिहाइड व विषारी हायड्रोजन सायनाइड अशी तिन्ही द्रव्ये एकदमच सुटी होतात. एक ग्रॅम अमिग्डालिन पूर्ण फुटले तर सुमारे २३२ मिलिग्रॅम बेंझाल्डिहाइड मिळते आणि त्याच्यासोबत ५९ मिलिग्रॅम हायड्रोजन सायनाइड. सुगंध ठेवून विष नाकारण्याची सोय या टप्प्यावर कोणालाच नाही, आणि हे मी लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिले आहे. चेरी लॉरेल या झुडपाच्या पानांच्या अर्काने अठराव्या शतकात डब्लिनमध्ये माणसे दगावली, हेही तिथेच आहे. आपण तिथपर्यंत पोहोचला होतात का?

मी हे ऐकीव माहितीवर लिहीत नाही. स्वादद्रव्यांच्या एका कारखान्यात ऊर्ध्वपातनाच्या (द्रव्याची वाफ करून ती पुन्हा थंड करून वेगळी काढण्याच्या) विभागात मी अकरा वर्षे काढली आहेत. बियांतले स्थिर (वाफेबरोबर न उडणारे) तेल दाबून काढायचे, उरलेली पेंड कोमट पाण्यात मुरवायची आणि मग वाफ सोडायची, हे काम मी आपल्या वयाच्या निम्मी वर्षे तरी केले असावे, असे आपल्या भाषेवरून वाटते. हायड्रोजन सायनाइड २६ अंश सेल्सिअसला उकळते आणि बेंझाल्डिहाइड १७८ अंशांच्या पुढे. तेव्हा नुसते तापवले की विष उडून जाईल, असा कोणाचाही समज होईल. प्रत्यक्षात दोन्ही द्रव्ये वाफेबरोबर निघतात आणि पुन्हा एकमेकांना धरून मँडेलोनायट्राइल नावाचे संयुग तयार करतात, त्यामुळे वाफेतून मिळालेल्या कच्च्या सुगंधी तेलात दोन ते चार टक्के हायड्रोजन सायनाइड सहज राहते. ते काढण्यासाठी हिराकस (लोहाचा एक क्षार) आणि चुना घालून तेल घुसळतात, सायनाइड लोहाशी बांधले जाते आणि तेल पुन्हा ऊर्ध्वपातित करून घेतात. एकदा हवा खेचणारा पंखा भर पाळीत बंद पडला आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याचे पाय लटपटले. त्याला काखेत हात घालून बाहेर नेणाऱ्या दोघांपैकी एक मी होते. या विषाची ओळख मला आपण करून द्यावी, हे जरा जास्तच झाले.

‘रसायनशास्त्र शिका’ म्हणताना आपण माझ्या छायाचित्रातल्या बाटलीच्या तोंडाशी जमलेल्या पांढऱ्या थरालाही ‘उरलेले सायनाइड’ म्हटले आहे. ते बेंझोइक आम्लाचे स्फटिक आहेत. बेंझाल्डिहाइडला हवा लागली की ते होतात, आणि झाकण सैल राहिलेल्या कोणत्याही जुन्या बाटलीवर दिसतात. शिकण्याची सुरुवात कोणी कुठून करावी, ते यावरून आपणच ठरवावे.

कृत्रिम आणि नैसर्गिक यांतला रेणू एकच आहे, हे मान्य. टोल्यूइन या पेट्रोलियमजन्य द्रव्यापासून केलेल्या बेंझाल्डिहाइडमध्ये सायनाइडचा प्रश्नच येत नाही, हेही मान्य. स्तोम हा शब्द आपला, त्यावर मी वेळ घालवत नाही. विष उरले का, हे तपासणे प्रयोगशाळेचे काम आहे; ते वाचकाने नाकाने ओळखायचे नसते, कारण बदामाचा वास बेंझाल्डिहाइडचा असतो आणि तो शुद्ध तेलालाही तसाच येतो.

राहता राहिले ‘घरी’. लेखाच्या शेवटी ‘हौशी वाचकांनी पीचची दोन-तीन पाने दुधात उकळून पाहावीत’ असे एक वाक्य होते. तेवढ्यावरून संपूर्ण लेखाला पाककृती म्हणणे हा विपर्यास आहे. ते वाक्य मी काल रात्री काढून टाकले आहे. आपण म्हणालात म्हणून नव्हे, तसेही ते तिथे शोभत नव्हते.