'एम्पायर'वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचली. 'एम्पायर: टोटल वॉर' हा 2009 चा, बगांनी (प्रोग्रॅममधल्या चुकांनी) भरलेला जुना कॉम्प्युटर युद्धगेम, त्यातले मराठे म्हणजे नुसते कपडे बदललेले युरोपियन आणि गोवा सरळ पोर्तुगीजांच्या ताब्यात, मग गोंयकार असून मी त्याचं कौतुक कसलं केलं, असं तुमचं म्हणणं.

गोव्याचं आधी. गेम 1700 ला सुरू होतो आणि तेव्हा गोव्यातली तिसवाडी, बार्देश, सासष्टी पोर्तुगीजांकडेच होती, त्याबद्दल गेमवर राग काढण्यात अर्थ नाही. राग यायलाच हवा तर तो एका प्रांताला एकच मालक या पद्धतीचा यावा, कारण फोंडा, पेडणे, सत्तरी नव्या काबिजादीत (पोर्तुगीजांनी नंतर मिळवलेल्या मुलखात) गेली ती पुढे अठराव्या शतकात, तोवर इथे सौंद्याचे राजे होते, सावंतवाडीचे सावंत होते, आणि ती सगळी ओढाताण गेममध्ये एका रंगात बुडून जाते.

बग म्हणाल तर बरेचसे नंतरच्या पॅचमध्ये (दुरुस्त्यांमध्ये) गेले. किल्ल्यांच्या लढाईत एआय, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो ती फौज, अजून गोंधळते हे मान्य. पण मैदानावर बंदूकधाऱ्यांच्या रांगा, पाळीपाळीने गोळीबाराचं तंत्र शिकलं की तीच पलटण एकदम भारी पडणं, संगीन नळीत खुपसली की बंदूक उडवताच न येणं, आणि समुद्रावर वारा कुठून येतो ते बघून जहाज वळवणं, हे इतकं हाताला समजावणारा दुसरा गेम मला माहीत नाही. कौतुक त्याचंच केलंय आणि ते मी मागे घेणार नाही.

मराठ्यांबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, फक्त दुखणं कपड्यांपेक्षा खोल आहे: गेममध्ये रसदच नाही. 1700 ला खुद्द औरंगजेब साताऱ्याच्या किल्ल्याखाली तळ देऊन बसलेला, आणि त्या वर्षांत धनाजी जाधवांसारखे सरदार काय करत होते तर मोगलांचं धान्य, बैल, खजिना वाटेत गाठून लुटत होते. किल्ले घ्यायला बादशहा महिनोन्‌महिने घालवायचा, किल्लेदारांना पैसे चारायचा, आणि त्याची पाठ फिरली की त्यातले कितीतरी किल्ले परत मराठ्यांकडे. गेममध्ये तुम्ही मोठी फौज उभी करता, समोरासमोर भिडता, प्रांत घेता, संपलं. शत्रूची रसद तोडून त्याला उपाशी मारायची सोयच नाही, मग गनिमी कावा करणार कशाने?

पावसाळाही नाही, वर्षाला दोन चाली, उन्हाळा नि हिवाळा. आमच्या किनाऱ्यावर जून ते ऑगस्ट गलबतं बाहेर पडत नसत हो! भरती-ओहोटीलाही काही किंमत नाही, आणि 1683 ला संभाजीराजांचे लोक गोव्यातल्या जुव्याच्या बेटावर शिरले ते रात्री, ओहोटी साधून, पाण्यातून चालत. पोर्तुगीज व्हाईसरॉय दुसऱ्या दिवशी बेट परत घ्यायला गेला आणि मार खाऊन पळाला. असली लढाई या इंजिनात बसवायला जागाच नाही.

वाईट याचं वाटतं की करता येत नव्हतं असं नाही. याच कंपनीने 2010 ला 'नेपोलियन' या पुढच्या गेममध्ये बर्फात नि वाळवंटात फौज झिजायची सोय केली. पण त्या गेममध्ये हिंदुस्थानचा नकाशाच नाही.