डबे रिकामे करून काही होत नाही

"घरात चिवडा, फरसाण ठेवूच नका, टेन्शनमधलं खाणं आपोआप बंद होईल" हे टेन्शनमधल्या खाण्यावरच्या एका लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. मी दोन वर्षं हेच केलं, डबे रिकामे, आणि रात्री अकराला सगळे झोपले की ओट्याशी उभी राहून गूळ-पोळी, साखर, हाताला लागेल ते खायचे आणि मग रडायचे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तर त्यांच्या डोक्यात सतत खाणंच, काहीजण चक्क रेसिपीची पुस्तकं जमवायला लागले.

माझं कमी झालं ते संध्याकाळी पाचला पोटभर पोहे नाहीतर उपमा खायला लागल्यावर. चिवडा आता घरात असतो, वाटीत घेऊन सगळ्यांसमोर बसून खाते.