जुना व्हिडिओ गेम घ्यायचाय? मग डोकं घरी ठेवून निघा

सगळ्यात आधी काय करायचं, तर विकणाऱ्याला भेटल्या भेटल्या आपलं अख्खं बालपण सांगून टाकायचं. मे महिन्याची सुट्टी, मिरजेतलं मामाचं घर, कॉन्ट्रा गेमच्या शेवटच्या स्टेजला नेमकी लाईट कशी गेली, सगळं. डोळ्यात पाणी आलं तर फारच छान, कारण तुमचं बोलणं चालू असताना त्याच्या डोक्यात भाव सांगलीतल्या आयर्विन पुलाखालच्या पाण्यासारखा चढत असतो, 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, आणि आपण नेहमीप्रमाणे बघायला गर्दी करणारे.

वर निन्टेन्डो छापलंय म्हणजे निन्टेन्डोच, हे मनाशी पक्कं धरा. असली फॅमिकॉम, म्हणजे निन्टेन्डो कंपनीचा टीव्हीला जोडायचा गेम बॉक्स, जपानात 1983 ला आला, लाल-पांढरा, दोन्ही रिमोट बॉक्सलाच जोडलेले आणि दुसऱ्या रिमोटला चक्क माईक. आपल्याकडं नव्वदच्या दशकात जे घरोघरी होतं ते बहुतेक त्याचं क्लोन, म्हणजे नक्कल, कुणाकडं टर्मिनेटर, कुणाकडं आणखी काही, आणि '9999 इन 1' म्हणून जी कॅसेट मिळायची तिच्यात तेच ते मोजके गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. पण असलं काही विचारून समोरच्याचा मूड घालवू नका राव. तसंच कॅसेटच्या पिना मोजत बसू नका. जपानी फॅमिकॉमची 60 पिनची, एनईएसची, म्हणजे त्याच्याच अमेरिकेतल्या अवताराची, 72 पिनची, एकाची दुसऱ्यात बसत नाही म्हणतात, तुम्ही जोर लावा, बसेल. निघणार नाही ती गोष्ट वेगळी.

बॉक्स उघडून तर अजिबात बघायचा नाही. 2019 च्या महापुरात सांगलीतले किती तळमजले पाण्यात होते ते सगळ्यांना माहितीय, त्यामुळं आत बोर्डावर वाळलेल्या गाळाची करडी रेघ, पिनांवर हिरवट थर असं काहीतरी उगाच दिसायचं आणि सौदा मोडायचा. विकणारा सांगतोय ना, "पाणी लागलेलं नाय दादा, आमचं घर उंचावर हाय." मग झालं की. वरचं प्लास्टिक पिवळं पडलंय? अँटिक पीस आहे, 500 रुपये जास्त द्या.

घरी आणल्यावर गेम चालला नाही तर कॅसेटमध्ये फुंकर मारा. तोंडातल्या ओलाव्यानं पिना गंजतात, त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पुसावं असं जाणकार सांगतात, पण जाणकारांना काय कळतंय, फुंकल्याशिवाय फील येतो का.

आणि नशिबानं खरा जपानी पीस मिळालाच तर त्याचा अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटात घाला. तो 100 व्होल्टचा, आपल्याकडं 230, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त मजा. धूर निघाल्यावर विकणाऱ्याला फोन लावायची घाई नको, त्यानं तुमचा नंबर आधीच ब्लॉक केलेला असतो.

बदकं मारायची बंदूकही सोबत घेतलीच असेल. ती फक्त जुन्या डब्बा टीव्हीवर चालते, तुमच्या हॉलमधल्या एलईडीवर दिवसभर चाप ओढलात तरी एक बदक पडायचं नाही. तेव्हा आता जुना टीव्ही शोधायला लागा, आणि भंगारवाल्याला एवढंच विचारा की मागच्या दिवाळीत साफसफाईला बायकोनं 150 रुपयांत दिलेला आपलाच टीव्ही तो केवढ्याला परत देणार.