ड्रिलच्या डब्याबद्दल आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

भिंतीत भोक पाडताना उडणारी धूळ पकडायला मी श्रीखंडाचा रिकामा डबा ड्रिल आणि व्हॅक्यूमच्या मध्ये बसवला (काठ भिंतीला टेकलेला, बुडातल्या भोकातून ड्रिलचं बिट, म्हणजे भोक पाडणारा दांडा, आत, आणि डब्याला व्हॅक्यूमची नळी), त्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "तीस वर्षं फर्निचरची कामं केली. चार भोकांसाठी एवढा खटाटोप कशाला? रुमाल बांधा, नाहीतर भिंतीवर पाणी मारा. डबा चकला (बिट पकडणारं ड्रिलचं तोंड) घासून वितळणार. बिटभोवतीची फटसुद्धा तुम्ही बंद केलेली नाही. हल्ली सगळी क्रश सँडच (दगड फोडून केलेली वाळू) असते, तिच्यात कुठली आली सिलिका (गारेच्या दगडातलं खनिज)? आणि घरचा व्हॅक्यूम ती धूळ मागून खोलीतच सोडतो." इतकी वर्षं हे काम केलेल्या माणसाने वेळ काढून लिहिलंय, तेव्हा उत्तरही नीट द्यायला हवं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो तुमचा शंभर टक्के बरोबर आहे. रविवारी पडदे ओढून खोली अंधारी केली, भावाला मास्क लावून एक भोक पाडायला सांगितलं आणि व्हॅक्यूमच्या मागच्या जाळीजवळ टॉर्च आडवा धरला. डब्यापाशी काही दिसेना, फरशीवर कण नाही. पण जाळीतून उदबत्तीच्या धुराएवढी बारीक रेघ निघत होती. ट्यूबलाइट लावली तर तीच रेघ दिसत नाही. आमचा व्हॅक्यूम कापडी पिशवीचा आहे. केस, खडे, जाड भुकटी त्यात अडकते, बारीक धूळ मात्र आरपार जाते. म्हणजे मी फरशी स्वच्छ ठेवत होतो आणि जी धूळ सगळ्यात वाईट, तीच खोलीभर पसरवत होतो. हे मूळ लेखात यायला हवं होतं.

ती वाईट का, तर आकारामुळे. आपला केस साधारण 70 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. काँक्रीटच्या धुळीतले 10 मायक्रॉनच्या आतले कण घशाखाली जातात, आणि चार-पाच मायक्रॉनच्या आतले थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. त्यात स्फटिकरूप सिलिका असेल तर वर्षानुवर्षांच्या साठ्याने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. गुजरातेत खंभातला अकीक (रंगीत दगड) घासणारे कारागीर, मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार यांनी हेच भोगलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1997 मध्ये या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

क्रश सँडचं तुम्ही म्हणता ते अर्धं खरं आहे. आपल्याकडे ती ज्या काळ्या दगडाची करतात, त्यात मोकळी सिलिका फार कमी असते. पण जुन्या इमारतींचा गिलावा नदीच्या वाळूचा आहे, विटेत ती असते, पांढऱ्या हलक्या ब्लॉकमध्ये असते, व्हिट्रिफाइड टाइलमध्येही असते. रंगाच्या थराखाली नेमकं काय आहे, हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

रुमालाचा उपयोग नाही. त्याची वीणच या कणांच्या मानाने दरवाजाएवढी मोकळी, शिवाय नाकाच्या दोन्ही बाजूंनी हवा सरळ आत येते. एन95 मास्क हवा, आणि डबा लावला तरी हवाच. पाण्याने धूळ बसते हे खरं, दगडखाणीत ओलं खोदकाम याचसाठी करतात. पण तिथली यंत्रं त्यासाठी बनवलेली असतात. आपलं विजेवरचं ड्रिल ओल्या भिंतीला लावू नका, कृपा करून कुणाला सांगूही नका.

आता फट. ती मी मुद्दाम ठेवली आहे. धूळ वाहून नेते ती वाहती हवा. डबा चारही बाजूंनी बंद केला तर तो भिंतीला चिकटून बसतो, व्हॅक्यूमचा आवाज चढतो आणि धूळ डब्यातच गोल फिरत राहते. 8 मिमीच्या बिटसाठी डब्याच्या बुडाला 14 मिमीचं भोक ठेवलं, की तिथून हवा सतत आत ओढली जाते आणि धुळीला बाहेरची वाट राहत नाही. भिंतीला टेकणाऱ्या काठाला मात्र दाराच्या फटीला लावतात ती स्पंजची पट्टी हवी, कारण गिलावा कधीच सपाट नसतो.

वितळण्याचं म्हणाल तर खोल डबा घेतलात तर नक्की वितळेल. माझा पहिला डबा 9 सेंमी खोल होता. चक बुडाला टेकला आणि प्लास्टिकचा वास आला. आता 4 सेंमी खोलीचा पसरट डबा आहे. 160 मिमीच्या बिटला खोदायला 100 मिमी मिळतात, त्यातले 40 डब्यात गेले तरी 60 उरतात. 50 मिमीच्या प्लगला तेवढे पुरतात. बिटला खुणेची टेप लावा, म्हणजे चक बुडापर्यंत पोचतच नाही.

राहिली चार भोकं. 8 मिमीचं, 50 मिमी खोल भोक म्हणजे अडीच घनसेंटिमीटर काँक्रीट, सुमारे सहा ग्रॅम. माझ्या घरात वर्षाला अशी दहा होतात, त्याने मला काही होणार नाही हे मान्य. पण दिवाळीआधी आमच्याकडे केसिंग-पट्टी (वायर झाकणारी पट्टी) मारायला आलेल्या वायरमनने एका दिवसात चाळीस पाडली. संध्याकाळी त्याच्या पापण्या पांढऱ्या होत्या. दुपारचा डबा त्याने त्याच खोलीत, त्याच फरशीवर बसून खाल्ला होता. अमेरिकेत 2016 च्या नियमाने हवेतल्या सिलिकेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला 50 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा वीस हजारावा भाग, एवढी ठरवली. आणि त्या माणसाने पाव किलोच्या आसपास काँक्रीट उडवलं होतं. मी हा डबा त्याला डोळ्यांपुढे ठेवून बनवला. बाजारात धूळ ओढणारं ड्रिल मिळतं, पण रोजंदारीवरचा माणूस ते घेत नाही आणि ठेकेदार देत नाही.

तुमच्या आक्षेपानंतर केलेले बदल असे: कापडी पिशवीच्या जागी न विणलेल्या कापडाची वापरून टाकायची पिशवी, मागे अगदी बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर, आणि शक्य तिथे व्हॅक्यूम गॅलरीत ठेवून फक्त नळी आत. पिशवी खोलीत झटकायची नाही, तोंड बांधून तशीच टाकायची. लोखंडात भोक पाडताना हे जोडकाम काढून ठेवा, पिशवीत आधीचा लाकडाचा भुसा असेल आणि तापलेला कीस त्यावर पडला तर पिशवी पेटू शकते. पंख्याच्या हुकासाठी स्लॅबमध्ये भोक पाडताना हा डबा एका हाताने सांभाळत नाही. तिथे बिटवर ओवलेला अर्धा रबरी चेंडू जाड भुकटी तरी झेलतो, बारीक धूळ नाही. छतासाठी तुमच्याकडे काही युक्ती असेल तर जरूर लिहा. मूळ लेखात व्हॅक्यूमचा परिच्छेद आज बदलतो आहे, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून.